निरंक

दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत
कंत्राटदाराने कामगिरी अहवाल सादर करावा,
असं करारनाम्याच्या सतराव्या कलमात आहे.
तो सादर करत नाही.
मीच टाईप करतो, झोन ऑफिसात, त्याच्या लेटरहेडवर.
त्याचा पोरगा पेनड्राईव्ह घेऊन समोर बसतो
आणि तर्रीपोह्याची प्लेट माझ्या फायलीवर ठेवतो.

पहिला रकाना वजनाचा.
भांडेवाडीच्या काट्यावरून चिठ्ठ्या येतात, घामाने चिकटलेल्या.
पाऊस लागला की कूलरमधलं कुजकं गवत,
थंडीत संत्र्याची सालं,
आणि बाराही महिने तळाशी
कुणाच्या तरी पाडलेल्या भिंतीचा मलबा.
काटा प्रामाणिक आहे.
काय मोजतोय, हे त्याला कुणी विचारत नाही.

ओला वेगळा, सुका वेगळा.
गाडीला कप्पे दोन,
मधला पत्रा गेल्या दिवाळीपासून नाही.
हेल्पर प्रेमदास उके म्हणाला,
"पत्रा भंगारात गेला, साहेब.
तेवढा मात्र बरोबर सुक्यातच गेला."
मी लिहिलं : वर्गीकरण ब्याऐंशी टक्के.
सत्तरच्या खाली दंड लागतो,
पंचाण्णवच्या वर शंका येते.
ब्याऐंशी कसं, घरातल्या माणसासारखं वाटतं.

हातमोजे वाटप : पोच जोडली आहे.
पोचेवर अनसूयाबाई गजभियेंचा अंगठा,
निळा, ठसठशीत,
एक रेघ आडवी कापलेली.
मोजा घातला असता
तर ठसा उमटला नसता.

फेऱ्यांचा पुरावा जीपीएस.
तो डबा इश्तियाकच्या मोटारसायकलच्या डिक्कीत असतो.
सकाळी सात ते साडेनऊ तो पारडीच्या गल्ल्या फिरतो,
चहाला थांबतो,
नकाशावर हिरवी रेघ सोडत जातो.
रेघ आमच्याही दारावरून जाते.
मी स्वतः पाहिली आहे. स्क्रीनवर.

घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर
सुचिता दुधाचा हिशेब लिहिते.
एक. एक. अर्धा. एक.
या महिन्यात आकड्यांच्या डोक्यावर लाल फुल्या दिसल्या.
हे काय, म्हटलं.
"गाडी नाही आली त्या दिवसाच्या.
तुमचा रिपोर्ट तुमच्यापाशी,
माहा माह्यापाशी."

मारबतीच्या दिवशीही फुली होती.
त्या दिवशी पिवळी गेली, काळी गेली, बडगे गेले.
खोकला घेऊन जा, महागाई घेऊन जा,
ओरडून ओरडून गल्लीचा घसा बसला.
सगळं गेलं.
कोपऱ्यावरचा ढीग तेवढा
हार घालायचा राहिलेल्या देवासारखा
तिथेच बसून होता.

परिशिष्ट ड : इतर कागदपत्रे, असल्यास.
चार वर्षं मी तिथे 'निरंक' लिहीत आलो,
इतकं की बोट आपोआप त्या कळांवर जातं.
या खेपेला महिना संपल्यावर
सुचिताला न विचारता पान फाडलं,
फुल्या मोजल्या, अकरा,
आणि स्टेपल मारून
अहवालाच्या मागे लावून टाकलं.
का, ते सांगता येणार नाही.
पिना संपत आल्या होत्या, दोनदा मारावी लागली.

बावीस दिवसांनी मुख्यालयातून फाईल परत आली.
हिरव्या शाईत एकच शेरा :
"दि. १६ रोजी दूध दीड लिटर.
इतर दिवशी एक लिटर.
तफावतीचा खुलासा व्हावा."

रात्री जेवताना वाचून दाखवला.
सुचिता हसली नाही.
"सोळाला तुमची बहीण आली होती बालाघाटहून.
खीर केली होती. लिहा तसं."

तसं लिहिलं.
जावक क्रमांक पडला.

घरी आलो तर नवीन महिन्याच्या पानावर
एक, एक, एक,
आणि दोन फुल्या.
लाल पेन तिने
कॅलेंडरच्या दोऱ्यालाच बांधून टाकलं होतं.